फ्रोबेल यांची बाग आणि मुलांची भाषा

ज्युनियर केजी आणि सीनियर केजी हे शब्द मुंबई-पुण्यापासून तालुक्याच्या गावापर्यंत सर्वत्र रुळले आहेत. मूल तीन वर्षांचे झाले की प्रवेशअर्जांची धावपळ सुरू होते, आणि वर्षभरात अक्षरे गिरविण्याचा गृहपाठ घरी येऊ लागतो. केजी म्हणजे किंडरगार्टन, आणि या जर्मन शब्दाचा सरळ अर्थ मुलांची बाग असा आहे, हे अनेकांना ठाऊक असते. पण ज्याने हे नाव दिले, त्याच्या योजनेत ती बाग खरोखरीची होती. तेथे माती होती, वाफे होते आणि प्रत्येक वाफ्यापाशी त्या वाफ्याच्या चिमुकल्या मालकाच्या नावाची पाटी होती. मुलांना बोलते करण्याचे, शब्दांची आणि पुढे अक्षरांची ओढ लावण्याचे सामर्थ्य या बागेत आहे, असा विश्वास बाळगणाऱ्या शिक्षणतज्ज्ञाचे नाव फ्रेडरिक फ्रोबेल. त्यांच्या स्वतःच्या बालपणाचा विचार केला, तर हा विश्वास कोठून आला असावा याचा उलगडा होतो.

पोरके बालपण

फ्रेडरिक विल्हेल्म ऑगस्ट फ्रोबेल यांचा जन्म २१ एप्रिल १७८२ रोजी जर्मनीच्या थुरिंगिया प्रांतातील ओबरवाइसबाख या डोंगराळ गावी झाला. त्यांचे वडील योहान याकोब हे ल्यूथरन पंथाचे धर्मोपदेशक होते. त्यांच्याकडे अनेक वस्त्यांची जबाबदारी होती व तिच्या व्यापातून मुलांसाठी त्यांना सवड मिळत नसे. फ्रेडरिक अवघा नऊ महिन्यांचा असताना त्याच्या आईचे निधन झाले. नोकरचाकर आणि थोरली भावंडे यांच्या हातून हे तान्हे मूल कसेबसे वाढले.

१७८५ मध्ये वडिलांनी दुसरा विवाह केला. सावत्र आईने प्रारंभी या पोरक्या मुलाला जवळ केले. मात्र तिला स्वतःचा मुलगा झाल्यावर चित्र पालटले. जर्मन भाषेत जवळच्या माणसाला संबोधण्यासाठी आपल्या ‘तू’सारखे एक सर्वनाम आहे. सावत्र आईने हे सर्वनाम वापरणे सोडले आणि ती त्या लहानग्याशी तृतीय पुरुषात, एखाद्या त्रयस्थ नोकराशी बोलावे तशी बोलू लागली. आपल्याकडे आईच्या तोंडचा ‘तू’ गेला तर मुलाला काय वाटेल, याची कल्पना मराठी वाचकाला सहज करता येईल. फ्रोबेल यांनी पुढे १८२७ मध्ये माइनिंगेनच्या ड्यूकला उद्देशून एक दीर्घ आत्मवृत्तपर पत्र लिहिले. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षीही ही सर्वनामाची जखम त्यांच्या मनात ताजी होती. शब्द केवळ वस्तूची नावे सांगत नाहीत, ते नाती जोडतात आणि तोडतातही, हा धडा त्यांना फार लवकर मिळाला.

अभ्यासातही फ्रेडरिक मागे होता. वडिलांनी त्याला वाचायला शिकविण्याचा प्रयत्न केला. परंतु ते काम दोघांनाही जड गेले. मुलगा मंदबुद्धीचा आहे, असे घरात धरले गेले. गावातील मुलांच्या शाळेच्या शिक्षकाशी वडिलांचे पटत नसल्याने त्याला मुलींच्या शाळेत बसविण्यात आले. धर्मोपदेशकाचे ते घर चर्च, भिंती आणि कुंपणे यांनी वेढलेले होते. बाहेर हिंडण्यास मनाई असलेल्या या मुलाला घरालगतची बाग तेवढी मोकळी होती. फुले, पाने, कीटक यांचे निरीक्षण करीत तो तासन्‌तास एकटाच रमे.

या काळातील एक प्रसंग त्यांच्या आयुष्यभर लक्षात राहिला. थोरला भाऊ क्रिस्टोफ सुटीत घरी आला होता. माणसांच्या जगातील भांडणे आणि पापपुण्याच्या गोष्टी वडिलांच्या तोंडून कानावर पडून लहानगा फ्रेडरिक गोंधळून गेला होता. क्रिस्टोफने त्याला हेझलच्या कळ्यांतून डोकावणारे जांभळट तंतू दाखविले आणि वनस्पतींमध्येही नर-मादी असा भेद असतो हे समजावून सांगितले. झाडाकडे बोट दाखवून, त्याच्याविषयी बोलून, एका मोठ्या माणसाने लहान मुलाच्या मनातील गुंता सोडविला होता. पुस्तकापुढे अडखळणाऱ्या त्या मुलाला झाडाचे बोलणे मात्र कळत होते. बाग, जवळचे माणूस आणि दोघांमधला संवाद या तीन गोष्टी त्या दिवशी एकत्र आल्या. पुढे फ्रोबेल यांनी उभारलेल्या शिक्षणपद्धतीतही त्या तशाच एकत्र आढळतात.

भटकंतीची वर्षे

दहाव्या वर्षी फ्रेडरिकला श्टाटइल्म येथे मामाकडे पाठविण्यात आले. मामाच्या घरी त्याला माया आणि मोकळीक मिळाली. पंधराव्या वर्षी, १७९७ मध्ये, त्याला एका वनाधिकाऱ्याच्या हाताखाली उमेदवारीसाठी ठेवण्यात आले. शिकविण्यास त्या अधिकाऱ्याला सवड नव्हती. तेव्हा या मुलाने दोन वर्षे जंगलात स्वतःच वनस्पती गोळा केल्या आणि जवळच्या एका डॉक्टरांनी दिलेल्या पुस्तकांवरून त्यांची ओळख करून घेतली. येथे प्रथमच पुस्तक आणि पान यांची सांगड बसली. हातात एखादे पान असले की पुस्तकातील त्याचे वर्णन वाचावेसे वाटते, हा अनुभव त्याने घेतला.

यानंतरची कथा ओढगस्तीची आहे. १७९९ मध्ये तो येना विद्यापीठात दाखल झाला. तथापि जवळचे पैसे भावाला उसने दिल्यामुळे खानावळीचे देणे थकले आणि विद्यापीठाच्या कोठडीत नऊ आठवडे काढावे लागले. १८०२ मध्ये वडील वारले. वनखात्यातील कारकुनी, जमिनीची मोजणी, हिशेबनिशी अशी कामे करीत हा तरुण १८०५ मध्ये वास्तुशास्त्र शिकण्यासाठी फ्रँकफुर्टला पोहोचला. तेथे एका आदर्श शाळेचे प्रमुख आंटोन ग्रूनर यांनी त्याला शिक्षकाची जागा देऊ केली. पहिल्याच दिवशी वर्गात उभे राहताच आपले ठिकाण हेच, अशी फ्रोबेल यांची खात्री पटली.

त्याच वर्षी त्यांनी स्वित्झर्लंडमधील इव्हर्डन येथे जाऊन योहान हाइनरिख पेस्टालोझी यांची शाळा पाहिली. वस्तू आधी आणि शब्द नंतर, निरीक्षण आधी आणि व्याख्या नंतर, हे पेस्टालोझी यांचे सूत्र त्या काळी युरोपभर गाजत होते. पुढे फ्रँकफुर्टच्या होल्झहाउझेन या सरदार घराण्यातील तीन मुलांचे शिक्षक म्हणून फ्रोबेल यांनी काम पत्करले. या मुलांच्या पालकांनी त्यांना शेताचा एक तुकडा बागेसाठी दिला. गुरू आणि शिष्य तेथे मिळून राबत. आपल्या हाताने काढलेली फुले-फळे मुले आईवडिलांना नेऊन देत, तेव्हा त्यांच्या सांगण्यात उत्साह किती असे, हे फ्रोबेल यांनी जवळून पाहिले. १८०८ ते १८१० अशी दोन वर्षे या शिष्यांसह ते पेस्टालोझी यांच्याकडेच राहिले.

त्यानंतर त्यांनी ग्योटिंगेन आणि बर्लिन येथे शिक्षण घेतले, प्राध्यापक वाइस यांच्याकडे स्फटिकांचा अभ्यास केला, १८१३ मध्ये नेपोलियनविरुद्धच्या युद्धात स्वयंसेवक म्हणून बंदूकही हाती घेतली. युद्धाच्या छावणीतच त्यांना विल्हेल्म मिडेनडोर्फ आणि हाइनरिख लांगेथाल हे जन्माचे सहकारी लाभले.

काइलहाऊची शाळा

युद्धाने फ्रोबेल यांचा लाडका भाऊ क्रिस्टोफ हिरावून नेला. आजारी सैनिकांची शुश्रूषा करताना त्याला विषमज्वराची लागण झाली होती. त्याच्या मागे राहिलेल्या मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न उभा राहिला. फ्रोबेल यांनी बर्लिनच्या खनिज संग्रहालयातील नोकरी सोडली आणि १८१६ मध्ये ग्रीसहाइम येथे पुतण्यांना घेऊन शाळा सुरू केली. पुढच्या वर्षी ती काइलहाऊ या खेड्यात हलली. हेझलच्या कळ्या दाखविणाऱ्या भावाचे ऋण त्यांनी अशा रीतीने फेडले.

काइलहाऊची शाळा गरिबीत वाढली. मुले शेतात काम करीत, डोंगर चढत, दगड आणि वनस्पती गोळा करीत. १८१८ मध्ये फ्रोबेल यांचा हेन्रिएटे विल्हेल्मिने होफमाइस्टर यांच्याशी विवाह झाला. बर्लिनमधील सुखवस्तू घर सोडून आलेल्या या स्त्रीने शाळेचा संसार सांभाळला. १८२६ मध्ये फ्रोबेल यांचा ‘मनुष्याचे शिक्षण’ हा प्रमुख ग्रंथ प्रसिद्ध झाला. मूल वस्तू पाहते, तिला नाव देते, तिचे चित्र काढते आणि या वाटेने हळूहळू लेखनाकडे जाते, असा क्रम त्यांनी त्यात मांडला. लिहिण्याची गरज मुलाला आतून वाटली पाहिजे, आणि वाचन त्यामागून आले पाहिजे, हे त्यांचे प्रतिपादन त्या काळच्या घोकंपट्टीच्या शाळांना मानवणारे नव्हते.

त्या सुमारास प्रशियाचे सरकार प्रत्येक नव्या विचाराकडे संशयाने पाहत होते. काइलहाऊ येथे राजद्रोही तयार होतात, अशी कुजबुज सुरू झाली. चौकशीसाठी आलेल्या अधिकाऱ्याने शाळेविषयी अनुकूल अहवाल दिला. परंतु पालक धास्तावले आणि विद्यार्थी बोटांवर मोजण्याइतके उरले. १८३१ मध्ये फ्रोबेल स्वित्झर्लंडला गेले. तेथे बुर्गडोर्फ येथील अनाथाश्रमाचे काम पाहताना लहान मुलांचा प्रश्न त्यांना अधिक जवळून कळला. शाळेत येणाऱ्या मुलाचे घडणे बरेचसे आधीच झालेले असते. त्याची भाषा, त्याचे कुतूहल, माणसांवरील त्याचा विश्वास या गोष्टी पहिल्या सहा वर्षांतच आकार घेतात, आणि नेमकी हीच वर्षे समाजाने वाऱ्यावर सोडली आहेत, या निष्कर्षाप्रत ते आले. पोरक्या बालपणाचा अनुभव त्यांच्या पाठीशी होताच.

नाव सापडले

पत्नीच्या आजारपणामुळे फ्रोबेल जर्मनीत परतले आणि १८३७ मध्ये बाड ब्लांकेनबुर्ग येथे त्यांनी लहान मुलांसाठी काम सुरू केले. लोकरीचे रंगीत चेंडू, लाकडी गोल, नळकांडे आणि घन, ठोकळे अशी खेळण्यांची मालिका त्यांनी तयार केली. या संस्थेला साजेसे नाव मात्र त्यांना सुचत नव्हते. १८३९ मध्ये पत्नी हेन्रिएटे यांचे निधन झाले. पुढच्या वर्षी मिडेनडोर्फ आणि बारोप या सहकाऱ्यांसमवेत डोंगरवाटेने चालत असताना, समोर पसरलेली दरी पाहून त्यांना एकाएकी नाव सुचले, असे सांगितले जाते. ते नाव म्हणजे किंडरगार्टन.

२८ जून १८४० रोजी ब्लांकेनबुर्ग येथे या संस्थेची रीतसर घोषणा झाली. गुटेनबर्ग यांच्या मुद्रणकलेच्या चारशेव्या वर्धापनाचा उत्सव त्या वर्षी जर्मनीत साजरा होत होता आणि फ्रोबेल यांनी आपला समारंभ त्याच उत्सवाशी जोडून घेतला. ज्या कलेने पुस्तक घरोघरी नेले, तिच्या उत्सवात त्यांनी पुस्तक हाती येण्यापूर्वीच्या मुलांची संस्था जगापुढे ठेवली. दहा थेलरचा एक हिस्सा घेऊन जर्मन स्त्रियांनी या कार्याला हातभार लावावा, असे आवाहन त्यांनी केले. त्याला प्रतिसाद अगदी तुटपुंजा मिळाला, आणि पैशांअभावी ब्लांकेनबुर्गची बालशाळा काही वर्षांतच बंद करावी लागली.

तरीही फ्रोबेल थांबले नाहीत. १८४४ मध्ये त्यांनी आईने तान्ह्या मुलाला खेळविताना म्हणावयाच्या गाण्यांचे सचित्र पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात बोटांचे खेळ आहेत. एका खेळात बोटांनी बागेचे फाटक करायचे आणि आत काय काय दिसते त्याची नावे घ्यायची. दुसऱ्यात हाताची झारी करून फुलांना पाणी घालायचे. आपल्याकडील आजीच्या मांडीवरच्या बोटांच्या खेळांशी याचे नाते सहज जुळते. मूल प्रत्यक्ष बागेत उतरण्याआधीच बाग त्याच्या ओठांवर आणि बोटांवर आलेली असावी, ही त्यामागील योजना होती.

वाफे आणि नावांच्या पाट्या

बाड लीबेनश्टाइन आणि मारिएन्थाल येथील अखेरच्या वर्षांत, १८५० मध्ये, फ्रोबेल यांनी मुलांच्या बागांविषयी एक स्वतंत्र लेख लिहिला. बाग कशी आखावी, याचा अगदी व्यवहारी आराखडा त्यात आहे. मध्यभागी प्रत्येक मुलाचा स्वतःचा छोटा वाफा. त्याच्या भोवताली सर्वांच्या मालकीची सामाईक बाग. सामाईक बागेच्या एका बाजूस फुलझाडे, दुसऱ्या बाजूस भाज्या, धान्ये, तेलबिया आणि चाऱ्याची पिके. जागा कमी असेल तर दोन मुलांनी मिळून एक वाफा करावा. त्यातून जुळवून घेण्याचे शिक्षण होते. सामाईक बागेने लहान वाफ्यांना चहूबाजूंनी वेढावे. समाजाच्या कुशीत व्यक्ती सुरक्षित असते, हे मुलाने रोज डोळ्यांनी पाहावे, असा त्यात हेतू होता.

स्वतःच्या वाफ्यात मुलाने काय लावावे आणि कसे वागावे, याचे पूर्ण स्वातंत्र्य त्याला होते. पाणी जास्त घातले आणि रोप कुजले, तर ती चूक त्याची. सामाईक बागेत मात्र ठरलेल्या वेळी, सर्वांनी मिळून, नीट काम करायचे. मुलांच्या वाफ्यांपाशी मुलांची नावे आणि झाडांपाशी झाडांची नावे लिहिलेल्या पाट्या असाव्यात, अशी सूचना त्यांनी केली होती. रोज पाणी घालायला जाणाऱ्या मुलाच्या नजरेसमोर स्वतःचे नाव आणि हाताखालच्या रोपाचे नाव येत राहते. कोणी गिरवून न घेताही ती अक्षरे ओळखीची होतात, कारण त्या अक्षरांचा अर्थ त्याच्या पायाशी मातीत उभा असतो.

बागेतील कामाने भाषा कशी वाढते, हे थोडे उलगडून पाहण्यासारखे आहे. वर्गात बसून शिकलेले बी, रोप, पान हे शब्द चित्रापुरते राहतात. वाफ्यात मात्र रुजणे, अंकुरणे, तरारणे, कोमेजणे, सुकणे या क्रियांचे अर्थ दिवसागणिक डोळ्यांसमोर घडतात. वाटाण्याचा दाणा मोठा, मोहरीचा बारीक. हे पान खरखरीत, ते गुळगुळीत. अशा तुलनेतून विशेषणे येतात. काल काहीच नव्हते, आज कोंब दिसला, उद्या पान फुटेल, या बोलण्यातून काळाची जाण वाक्यात उतरते. शेजारच्या मुलाचे रोप वाढले आणि आपले का वाढले नाही, या प्रश्नातून कारण सांगणारी लांब वाक्ये तयार होतात. आणि हंगाम संपला की मुलाजवळ सांगण्यासारखी एक संपूर्ण गोष्ट असते. तिला आरंभ असतो, अडचणी असतात आणि शेवटही असतो. जो मुलगा गोष्ट सांगू शकतो, त्याला पुढे गोष्ट वाचणे परके वाटत नाही.

मात्र हे आपोआप घडत नाही. हेझलच्या कळ्यांपाशी जसा क्रिस्टोफ होता, तसे मुलाजवळ थांबून त्याच्याशी बोलणारे, त्याचे ऐकून घेणारे मोठे माणूस बागेत हवे. म्हणूनच फ्रोबेल यांनी बालशिक्षिकांच्या प्रशिक्षणावर अखेरपर्यंत भर दिला. स्त्रियांसाठी एक नवा, प्रतिष्ठेचा व्यवसाय त्यातून उभा राहिला.

लीनाचे पत्र

किंडरगार्टनमध्ये पाटीवर मुळाक्षरे गिरवून घेणे फ्रोबेल यांना मान्य नव्हते. पण साक्षरतेकडे त्यांनी पाठ फिरविली होती, असा समज करून घेणे चुकीचे ठरेल. १८५० मध्येच त्यांनी लीना नावाच्या सहा वर्षांच्या मुलीची कथा लिहिली. ही कथा म्हणजे प्रत्यक्षात अक्षरशिक्षणाचा पाठच आहे. वडील परगावी आहेत. आई पत्रे लिहिते, आणि लीनालाही लिहावेसे वाटू लागते. ज्या काड्या मांडून ती एरवी आकृत्या करीत असे, त्याच काड्यांनी आई तिला अक्षरे मांडायला शिकविते. पहिला शब्द तिचे स्वतःचे नाव. मग इतर शब्द. पाहता पाहता ती वडिलांना पत्र लिहिते, आणि वडिलांचे उत्तर येते तेव्हा ते वाचण्यासाठी तिला वाचनाची गरज भासते.

बागेतील पाटी आणि लीनाचे पत्र यांतील सूत्र एकच आहे. आधी मुलाला जवळची वाटणारी वस्तू आणि माणूस, मग तिच्याविषयी बोलणे, त्यानंतर अक्षर. प्रारंभ स्वतःच्या नावापासून. ज्या मुलाला वडिलांनी कष्टाने वाचायला शिकविले आणि तरी ते साधले नाही, त्याने साठी उलटल्यावर वडिलांना आनंदाने पत्र लिहिणाऱ्या मुलीची कथा लिहावी, ही गोष्ट मनाला चटका लावणारी आहे.

बंदी आणि अखेर

लीबेनश्टाइनला १८४९ मध्ये बेर्टा फॉन मारेनहोल्ट्झ-ब्यूलो या सरदार घराण्यातील विदुषीशी फ्रोबेल यांची ओळख झाली. गावातील पोरांना गोळा करून टेकडीवर नाचत-खेळत असलेल्या या पांढऱ्या केसांच्या म्हाताऱ्याला गावकरी वेडा समजत. बेर्टा यांना मात्र त्या वेडातील शास्त्र दिसले. आडोल्फ डीस्टरवेग यांच्यासारखे नामवंत शिक्षणतज्ज्ञही फ्रोबेल यांचे समर्थक झाले. १८५१ मध्ये त्यांनी आपल्या शिष्या लुईजे लेव्हिन यांच्याशी विवाह केला. आता कुठे स्थैर्य येईल, असे वाटत होते.

त्याच वर्षी ७ ऑगस्ट रोजी प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टनवर बंदी घातली. नास्तिकता आणि समाजवाद पसरविणारी संस्था, असा ठपका ठेवण्यात आला. फ्रोबेल यांचे पुतणे कार्ल यांच्या एका पुस्तिकेवरून मंत्रालयाचा गैरसमज झाला होता. काका आणि पुतण्या या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत, हे निदर्शनास आणून देऊनही निर्णय बदलला नाही. राजाकडे केलेला अर्जही निष्फळ ठरला. ज्यांनी जन्मभर मुलांना देवाची सृष्टी डोळे भरून पाहायला शिकविले, त्यांच्यावर नास्तिकतेचा आरोप व्हावा, हे दुर्दैव होते.

हा आघात फ्रोबेल यांना सोसवला नाही. २१ जून १८५२ रोजी मारिएन्थाल येथे वयाच्या सत्तराव्या वर्षी त्यांचे निधन झाले. अखेरच्या दुखण्यातही खिडकी उघडी ठेवावी, फुलांची निगा राखावी आणि तणालाही जपावे, कारण त्याच्याकडूनही आपण पुष्कळ शिकलो, असे ते जवळच्या मंडळींना सांगत, अशी आठवण नोंदविली गेली आहे. श्वाइना येथील त्यांच्या समाधीवर घन, नळकांडे आणि गोल ही त्यांच्या खेळण्यांची शिल्पाकृती आहे. बंदी उठली ती १८६० मध्ये, बेर्टा यांच्या अथक प्रयत्नांनंतर. ते पाहण्यास फ्रोबेल नव्हते.

बाग मागे राहिली

किंडरगार्टन मात्र जगभर गेले. १८५६ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात मार्गारेटे शुर्त्स यांनी जर्मन भाषिक मुलांसाठी, तर १८६० मध्ये बोस्टन येथे एलिझाबेथ पीबॉडी यांनी इंग्रजी भाषिक मुलांसाठी ते सुरू केले. या प्रवासात चेंडू आणि ठोकळे पेटीत घालून नेता आले. बाग नेता आली नाही. शहरांत जागा महाग होती. नाव बागेचे राहिले आणि मुले खोलीत बसली. बर्लिनमध्ये फ्रोबेल यांच्या नात्यातील हेन्रिएटे श्राडर-ब्रायमान यांनी उभारलेल्या पेस्टालोझी-फ्रोबेल संस्थेने मात्र मूळ विचार जपला. तेथे महिनाभरासाठी एखादी वनस्पती वा प्राणी असा एकच विषय घेऊन त्याभोवती मुलांचे काम, गाणी, चित्रे आणि गप्पा गुंफल्या जात.

महाराष्ट्राशी या परंपरेचे नाते जुने आहे. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या वैद्यकीय पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियाला गेल्या. तेथे त्यांनी फ्रोबेल यांच्या किंडरगार्टन पद्धतीचे प्रशिक्षण घेतले आणि मराठी क्रमिक पुस्तकांच्या तयारीला लागल्या. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू करताना हे शिक्षण त्यांच्या गाठीशी होते. पुढे ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासमवेत माँटेसरी विचार भारतीय मातीत रुजविला. १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी अंगणवाडी आणि कुरणशाळा चालविल्या. पाने, बिया, शिंपले, खडे हेच तेथील शैक्षणिक साहित्य होते. ताराबाईंची परंपरा थेट फ्रोबेल यांची नसली, तरी मुलाला चार भिंतींबाहेर नेऊन त्याच्या परिसरातूनच बोलते करण्याचा ध्यास तोच होता. बालवाडी आणि अंगणवाडी या शब्दांतील ‘वाडी’ कोकणी माणसाला नारळी-पोफळीच्या बागेची आठवण करून देते, हा योगायोगही सुखद आहे.

एखाद्या शाळेला आवार नसेल, तर खिडकीतल्या चार कुंड्याही पुरतात. दरवर्षी २१ एप्रिलला फ्रोबेल यांची जयंती येते, तेव्हा शाळांना सुट्या लागण्याचे दिवस असतात. जूनमध्ये शाळा उघडतात आणि पहिला पाऊसही त्याच सुमारास येतो. मेथीचे किंवा मुगाचे दाणे मातीत टाकून त्यापाशी मुलाच्या नावाची पाटी रोवायला त्याहून चांगला मुहूर्त नाही. चार-पाच दिवसांत कोंब दिसतो. तो पाहायला मूल धावत येते आणि आपण होऊन बोलू लागते. फ्रोबेल यांना केजीकडून अपेक्षा होती ती एवढीच.